बादलीतापवाल्या अक्का

डॉक्टर नीलांबिका मैंदर्गीकर यांच्याकडं गरोदर बाईला घेऊन गेलं, की त्या आधी बरोबर आलेल्यांना तपासायच्या. सासूला वजनकाट्यावर उभं करायच्या. नवऱ्याला जीभ बाहेर काढायला लावायच्या. नणंद असली तर तिची खालची पापणी ओढून बघायच्या आणि म्हणायच्या, "लालभडक. छान. घरातलं सगळं रक्त हितं हाय तर." हे होईपर्यंत पोटुशी पोरगी कोपऱ्यात पर्स सांभाळत उभी असायची. मग तिला खुर्ची मिळायची, आणि पंख्याचं तोंड तिच्याकडं वळायचं.

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खडखडाटात एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता आणि त्याच जिन्याखाली माझी रक्त-लघवी तपासायची लॅब. सगळे त्यांना अक्का म्हणायचे. कन्नडमध्ये अक्का म्हणजे थोरली बहीण. पण आमच्या गल्लीत तो हुद्दा होता, फौजदारासारखा. मला त्यांनी नावानं कधी हाक मारली नाही. मी मूळचा वैरागचा, म्हणून माझं नाव वैराग. "ए वैराग, वर ये!" अशी जिन्यावरून आरोळी आली, की रस्त्यावरच्या नवख्या माणसाला वाटायचं, बाईंनी अख्खं गाव बोलावलंय.

अक्का उंच होत्या, रुंद होत्या, साठी ओलांडलेल्या होत्या. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, पायात पुरुषी चपला. भाषा चार. समजवायचं असलं की मराठी, रागवायचं असलं की कन्नड, घासाघीस करायची असली की तेलुगू, आणि काहीच चालेना झालं की दखनी. गल्लीतल्या माणसांना यातल्या सगळ्या भाषा थोड्या थोड्या यायच्या, त्यामुळं आपण आता कुठल्या पायरीवर आहोत हे ज्याला त्याला बरोबर समजायचं.

त्यांचे प्रश्न ठरलेले. नळाला पाणी आलं की कोण उठतं? घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवतं? दुपारी आडवं कोण होतं? आधीचं बाळंतपण होऊन किती झालं? आणि शेवटचा, पोरीकडं बघून, "वय काय?" याचं उत्तर पोरगी कधीच द्यायची नाही. सासू, नवरा, मावशी, जी माणसं आली असतील ती एका सुरात म्हणायची, "एकोणीस."

"नवऱ्याचं वय विचारलं तर तुमच्यात भांडणं लागतात," अक्का म्हणायच्या, "आणि हिचं मात्र सगळ्यांना आरतीसारखं पाठ. कसं काय?"

'जपा' या शब्दावर त्यांचा फार राग होता. "पोटुशी बाई दिसली की ज्याला त्याला सुचतं, जप गं बाई. आणि हातात काय देतात? घागर. काय जपायचं तिनं? घागर?"

दुपारी जेवायची वेळ झाली की त्या दवाखाना बंद करायच्या नाहीत. टेबलावरच कडक भाकरी मोडायच्या, शेंगाचटणीवर दही घालायच्या, आणि पहिला घास समोरच्या स्टुलावर जी गरोदर बाई असेल तिला. "आधी तू." ती लाजून सासूकडं बघायची. सासू भिंतीकडं बघायची. मग अक्का भाकरी तिच्या हातात कोंबून सांगायच्या, "खा. हिचं होईपर्यंत घरच्यांनी नुसतं बघत बसायचं. सवय करा."

"अक्का, भाकरीनं काय होणारे?" मी एकदा विचारलं होतं.

"भाकरीनं काय होत नाही रे वैराग. पण बाळ दिवसांआधी येतं त्यातली काही कारणं पोटात असतात, ती मला मशिनीवर दिसतात. काही घरात असतात. ती कुठल्या मशिनीवर बघू? म्हणून मी घरच बोलवून घेते."

माझ्या नळ्यांमधून ते घर मलाही थोडं दिसायचं. त्या पोरींचं रक्त इतकं फिकं असायचं, की सुरुवातीला मला वाटायचं माझंच काहीतरी चुकतंय.

तर अशा या बाईंनी एक रोग शोधून काढला. शोधून काढला म्हणजे काय, रचला. कसा, ते माझ्यासमोर घडलं.

नरसम्मा नावाची एक सासू होती. चादरीच्या कारखान्यात कामाला असलेला नवरा वारल्यावर एकटीनं विड्या वळून मुलगा वाढवलेली. बुटकी, काटक, आवाज पोलादी. तिची सून लक्ष्मी. लक्ष्मीचं पहिलं बाळ सातव्यात आलं होतं. मुठीएवढं. ते राहिलं नाही. वर्ष व्हायच्या आत तिला पुन्हा दिवस गेले होते. घर तिसऱ्या मजल्यावर. आमच्या सोलापुरात पाणी रोज येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पुढच्या सगळ्या दिवसांचं भरून ठेवावं लागतं. म्हणजे पिंप, घागरी, कळश्या, अगदी पातेलीसुद्धा. ते सगळं लक्ष्मी जिन्यानं वर न्यायची. उरलेला दिवस मांडीवर सूप घेऊन, पाठ वाकवून, तंबाखूच्या धुळीत विड्या वळायची.

अक्कांनी तिला तपासलं आणि नरसम्माला मराठीत सांगितलं, "हिला विश्रांती पाहिजे. जड उचलायचं नाही. दुपारी झोपायचं."

"का? काय झालंय तिला?"

"काही झालेलं नाही. होऊ नये म्हणून."

"झालं न्हाय तर विश्रांती कशाला?"

"झाल्यावर विश्रांती देऊन काय उपयोग, बाई?"

"म्हंजे झालं न्हाय."

"नाही."

"मग बरी हाय की!" नरसम्मा लक्ष्मीला म्हणाली, "ऊठ. डॉक्टरीणबाईच म्हणतीय, तू बरी हायस."

अक्कांनी तेलुगूत प्रयत्न केला. कन्नडमध्ये केला, तेव्हा जिन्यावर रांगेत बसलेल्या बाया खाली मान घालून पावसात वळचणीला बसावं तशा बसल्या. नरसम्मा ढिम्म. ती म्हणत होती, मी नवव्या महिन्यापर्यंत पाणी भरलं, मला काय झालं? आणि तिचं खोटं नव्हतं. तिला कुणी विश्रांती दिली नव्हती, मग ती कुठून आणून देणार होती?

मी लक्ष्मीच्या रक्ताचा कागद द्यायला वर आलो होतो. अक्कांनी तो माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, दूर धरला, आणि एकदम गंभीर झाल्या.

"नरसम्मा, तू जरा लांब बस."

"का?"

"हिला बादलीताप हाय."

नरसम्मानं मागं सरकून विचारलं, "असला कुठला ताप?"

"बादली उचलली की होतो. पण उचलणारीला होत नाही. उचलायला लावणारीला होतो." आणि अक्का सणसणीत शिंकल्या.

इथं एक सांगायला हवं. अक्कांना खोटं बोलता यायचं नाही. नैतिक कारणानं नव्हे. खोटं बोललं की त्यांना शिंक यायची. लहानपणापासून. हे मला माहीत होतं, नरसम्माला नसणार असं मला वाटलं. तिनं पदर नाकाला लावला.

"मला काय होईल?"

"आधी गुडघे दुखतात."

नरसम्माचा चेहरा उतरला. "दुखतात की."

"जिना चढताना दम लागतो." शिंक. "पहाटे लवकर जाग येते. मग झोप लागत नाही." शिंक. "जुन्या गोष्टी आठवतात आणि चिडचिड होते."

"अय्यो देवा!" नरसम्मा मटकन खाली बसली. "सगळंच सुरू झालंय गं!"

"औषध नाही," अक्का म्हणाल्या. "सून बाळंत होईपर्यंत तिच्या हातात जड वस्तू दिसली नाही पाहिजे. तिच्या आधी जेवशील तर ताप वाढेल. विड्या वळताना तासातासाला उठवून चालवायची. नाहीतर सरळ डोक्यात जातो."

त्या दिवशी नरसम्मा सुनेच्या चपलासुद्धा स्वतः उचलून जिना उतरली. लक्ष्मी मागून आली. ती मला जिन्यात भेटली तेव्हा तिनं तोंडावर हात दाबून धरला होता आणि खांदे हलत होते.

अक्का खुर्चीत बसून नाक पुसत होत्या. "वैराग," त्या म्हणाल्या, "विश्रांती हा शब्द मी डॉक्टर झाल्यापासून सांगतीय. आज पहिल्यांदा कुणी भ्यालं."

पुढच्या पाण्याच्या दिवशी नरसम्माच्या मुलानं पाणी भरलं. हे गल्लीनं पाहिलं. शेजारणींनी विचारलं, आणि नरसम्माच्या पोटात काय राहणार? दोन दिवसांत बादलीताप आमच्या भागात पसरला. आणि हा ताप तर गुडघे असलेल्या कुणालाही होण्यासारखा होता! ज्या त्या घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना लक्षणं दिसायला लागली. पाणी यायच्या दिवशी नळावर बनियन घातलेल्या पुरुषांची गर्दी व्हायला लागली. त्यांना रांग लावायची सवय नव्हती. पहिल्याच आठवड्यात दोघांची डोकी फुटली, नळीवरून. टाके अक्कांनीच घातले आणि घालताना गुणगुणत होत्या.

मग वर बायकांची रीघ लागली. "अक्का, मलाबी बादलीताप लिहून द्या की." काही जणी गरोदरसुद्धा नव्हत्या. एक पासष्टीची म्हातारी आली, तिला वाटत होतं तिच्या मुलाला आणि सुनेला दोघांना लागावा. होटगी रोडच्या बंगल्यातल्या एक बाई गाडीतून उतरल्या. त्यांची मोलकरीण पोटुशी होती. त्यांनी नाकावर रुमाल धरून विचारलं, "डॉक्टर, हा फरशी पुसायच्या फडक्यातूनही येतो का?"

"फडक्यातून तर फार," अक्का म्हणाल्या आणि तीन वेळा शिंकल्या. बाई धावतच गाडीत बसल्या. मोलकरणीला पगार चालू ठेवून घरी पाठवलं, असं नंतर समजलं.

बाजारात एक दुकानदार पांढऱ्या बादल्या 'तापमुक्त' म्हणून विकायला लागला. दुसऱ्यानं बादलीच्या कडीला बांधायचे काळे दोरे आणले. टॉवेलच्या एका कारखान्याचे मालक स्वतः आले. जाडजूड गृहस्थ, साखरेचा आजार, जिना चढून धापा टाकत. त्यांच्याकडं बायका पाळीभर उभ्या राहून टॉवेल तपासायच्या. "अक्का, आमच्यात बादल्या नाहीत. आम्हाला भीती नाही ना?"

"चढताना दम लागला का तुम्हाला?"

"लागला."

"मग उभं करूनही होतो म्हणायचं." अक्का शिंकल्या.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात स्टुलं आली. गरोदर बायकांसाठी दोन मागवली होती, पण मालकांनी स्वतःच्या जिवाला भिऊन सगळ्यांनाच बसवलं.

असं सगळं चाललं असताना लक्ष्मीचे दिवस भरत आले. आठवा गेला. नववा लागला. नरसम्मा तिला रोज सकाळी अक्कांकडं आणायची, सुनेला दाखवायला नव्हे, स्वतःचे गुडघे दाखवायला. आणि बाळ आलं ते पुऱ्या दिवसांचं, गुबगुबीत, चिडलेलं. नरसम्मा त्याला घेऊन माझ्या लॅबमध्ये आली. "तपास. आजीचा ताप नातवाला तर आला न्हाय ना?" मी म्हटलं, नाही. ती लॅबच्या बाकावर बसली आणि बराच वेळ रडली. पहिल्या बाळासाठी रडली असावी. तेव्हा तिला वेळच मिळाला नव्हता.

त्याच सुमाराला सरकारी आरोग्य कचेरीला कुणीतरी कळवलं, की पूर्व भागात अज्ञात तापाची साथ आहे.

एक दिवस सकाळी गल्लीत जीप आली. मागं धूर सोडणारं यंत्र घेतलेली माणसं. कदमसाहेब म्हणून तरुण अधिकारी होते, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी लोकांना विचारलं, ताप कशानं येतो? लोकांनी सांगितलं, बादलीनं. मग त्यांनी गल्लीतल्या सगळ्या बादल्या रस्त्यावर मांडायला लावल्या आणि त्यांना धूर दिला. लाल, निळ्या, पांढऱ्या बादल्या धुरात उलट्या पडल्या होत्या आणि बाया खिडक्यांतून बघत होत्या. एका बादलीत एका बाईनं पीठ मळून ठेवलं होतं, त्यावरून भांडण झालं. साहेबांनी माझ्याकडं येऊन तापाच्या रुग्णांची रक्तं मागितली.

"रुग्ण म्हणजे कोण साहेब? सुना का सासवा?"

"ज्यांना ताप आहे त्या."

"ताप कुणालाच नाही."

"मग रोग काय आहे?"

मी वर बोट केलं.

वर मात्र गंमत नव्हती. कदमसाहेब टेबलापलीकडं बसले आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, असा रोग कुठल्या पुस्तकात नाही. तुम्ही लोकांना खोटं सांगितलंय. अफवा पसरवलीय. तुमची डॉक्टरकी जाऊ शकते, याची कल्पना आहे ना?"

"आहे."

"मग लिहून द्या, की असा रोग नाही."

अक्कांनी चष्मा काढला. "साहेब, पुस्तकातला शब्द मी आधी सांगत होते. विश्रांती. तो कुणाला ऐकू आला नाही. तुमच्या कचेरीच्या भिंतीवर पण लिहिलाय बघा, रंगवून. त्या भिंतीला टेकून एक पोरगी घागर खाली ठेवून दम खात होती. मी बघितलंय."

"पण म्हणून रोग रचायचा?"

"रोग आहेच. दिवसांआधी बाळ येतं, ते मेलं तर आई रडते, जगलं तर घर कर्जात जातं. शेवटी जेवणारीला होतो, लवकर लग्न लावलेलीला होतो, जिला सुट्टी नाही तिला होतो. रोग आहे. फक्त नाव मी दिलं."

मी दारात उभा राहून शिंकेची वाट बघत होतो. ती आली नाही.

कदमसाहेब माणूस वाईट नव्हता. त्याला वरच्या साहेबांना उत्तर द्यायचं होतं. तो म्हणाला, विचार करून सही द्या, मी परत येईन. आणि जाताना जिन्यात त्यानं मला हळूच विचारलं, "ते गुडघेदुखीचं नक्की का? आमच्या आईलाही आहे."

अक्कांनी सही करायचं ठरवलंही असतं कदाचित. त्या थकल्या होत्या. पण त्याच आठवड्यात मुमताज आली.

मुमताज टॉवेलच्या कडा शिवायची, घरीच, नगावर. नवरा ट्रकवर होता; तो एकदा गेला तो परत आलाच नाही. पदरी एक लहान मुलगी, आणि सहावा महिना सरत आलेला. तिच्याबरोबर तपासायला कुणीच आलं नव्हतं. अक्का वजनकाट्याजवळ उभ्या राहिल्या आणि त्यांना काय करावं सुचेना. सवयीनं त्यांनी विचारलं, "पाणी कोण भरतं?"

"मैंच."

"स्वयंपाक?"

"मैंच अक्का."

अक्कांनी तरी सांगून पाहिलं. बादलीताप, उचलायला लावणारीला होतो, वगैरे. मुमताजनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मगर किसकू होएंगा अक्का? घर में तो मैंच हूँ."

असं कधी झालं नव्हतं, अक्का चारही भाषांमध्ये गप्प झाल्या.

मुमताज गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "वैराग, माझा रोग खोटा ठरला बघ. भीती दाखवायला पण घरात कुणीतरी लागतं." त्यांनी टॉवेलच्या मालकाला गाठलं, नरसम्माच्या मुलाला मुमताजचं पाणी भरायला लावलं, रोज दुपारी तिच्या घरी भाकरी पाठवली. पण कामाचे नग पुरे करायचे होते, मशीन पायानं चालायचं, आणि ती रोज शिवतच राहिली. बाळ सातव्यात आलं. मुलगी. सरकारी दवाखान्याच्या नवजात विभागात काचेमागं ठेवली.

काही दिवसांनी तिथल्या सिस्टरनी सांगितलं, आता हिला माणसाच्या छातीची ऊब द्यायची. कातडीला कातडी लावून, तासन्‌तास. आई देईल, आई दमली तर घरचं दुसरं कुणी. मुमताज द्यायची; पण मोठी मुलगी तापानं फणफणली की तिला घरी धावावं लागायचं. मग दुसरं कुणी म्हणजे कोण?

अक्का नरसम्माच्या घरी गेल्या. मी बरोबर होतो.

"नरसम्मा, तुझ्या तापावर औषध सापडलं."

"आता? लक्ष्मी बाळंत होऊन महिना उलटून गेला की."

"अंगात राहतो तो. एकच औषध. लहान बाळ छातीशी धरून बसायचं. रोज."

अक्का बोलल्या आणि शिंकल्या. मग पुन्हा शिंकल्या. नरसम्मा उठली. मग ती आत गेली, धुतलेली साडी नेसून आली आणि चपला घालता घालता म्हणाली, "अक्का, तुमी खोटं बोललं की शिंकता, हे मला पहिल्या दिवसापासून म्हाईत हाय."

"मग तू सुनेचं पाणी भरणं का थांबवलंस?"

"एक बाळ तर गेलं होतं की माझ्या डोळ्यासमोर," नरसम्मा म्हणाली. "मला कारण पाहिजे होतं. शेजारणींना सांगायला."

वॉर्डमध्ये सिस्टरनी नोंद करायला विचारलं, "तुम्ही बाळाच्या कोण?"

"आजी," अक्कांनीच उत्तर दिलं.

सिस्टरनी मुमताजचं नाव वाचलं, मग नरसम्माचं वाचलं. "आईकडची का वडलांकडची?"

"दोन्हीकडची मिळून एकच आहे," अक्का म्हणाल्या, आणि एवढ्या जोरात शिंकल्या की सिस्टरनी त्यांना वॉर्डबाहेर काढलं. हात कोपरापर्यंत धुऊन, तोंडाला मास्क लावून मग आत घेतलं. त्यानंतर पाळ्या लागल्या. सकाळी मुमताज, मग नरसम्मा, दुपारी अक्का. दवाखाना दुपारचा बंद राहायला लागला. खालून बायका विचारायच्या, अक्का कुठं? मी सांगायचो, अक्का ऊब देतायत.

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो. मुमताजची मुलगी जगली. बारीक आहे, पण आवाज आमच्या मागांपेक्षा मोठा. बादलीतापाची साथ 'आटोक्यात आल्याचं' कचेरीनं जाहीर केलं, आणि खबरदारी म्हणून गरोदर स्त्रियांना जड वजन उचलायला लावू नये, अशी पत्रकं वाटली. म्हणजे नसलेला रोग आटोक्यात आला, आणि त्याचा इलाज मात्र सरकारी झाला. आता बहुतेक घरांत पाणी पुन्हा बायकाच भरतात. काही घरांत नाही. अक्कांची डॉक्टरकी कुणी काढून घेतली नाही. त्याच उन्हाळ्यात त्यांचे डोळे फार अधू झाले आणि त्या भावाकडं मैंदर्गीला राहायला गेल्या. मी तेव्हा बहिणीच्या लग्नासाठी वैरागला होतो. परत आलो तर वर कुलूप.

म्हणून माझ्या डोळ्यांसमोर त्या येतात, त्या वॉर्डमधल्या एका दुपारच्या. मी त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. खुर्चीत अक्का बसल्या होत्या. ब्लाउजच्या आत, सोलापुरी चादरीखाली, टोपी घातलेलं एक लिंबाएवढं डोकं. तेवढ्यात कदमसाहेब आले. हातात कागद. मास्क लावलेला, हात धुतलेले. सिस्टरनी त्यांनाही सोडलं नव्हतं.

"मॅडम, दवाखाना बंद होता म्हणून इथं यावं लागलं. आज सही पाहिजे. मला वर द्यायचंय."

"देते की," अक्का म्हणाल्या. "पण हात मोकळे नाहीत."

साहेब उभे राहिले. बाळ झोपलेलं. मुमताज घरी गेलेली, नरसम्मा यायची होती.

"असं करा," अक्का म्हणाल्या, "शर्टाची बटणं काढा."

"काय?"

"थंड पडलं तर ते श्वास घ्यायचं विसरतं. सही करेपर्यंत धरा. खुर्चीत बसा. मागं रेला."

सिस्टरनी मान डोलावली. आणि सरकारी आरोग्य कचेरीचे अधिकारी, इस्त्रीचा शर्ट उघडून, दोन पेनं खिशातच ठेवून, खुर्चीत रेलले. अक्कांनी बाळ त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, वरून चादर गुंडाळली. बाळानं एकदा नाक घासलं, मूठ उघडून साहेबांच्या छातीवरचे केस धरले, आणि गाढ झोपलं. साहेबांनी श्वाससुद्धा हळू घ्यायला सुरुवात केली.

अक्कांनी साहेबांनी बाजूला ठेवलेला कागद घेतला, माझ्या हातातला डबा घेतला आणि बाहेर गेल्या.

बराच वेळ झाला. साहेब हलले नाहीत. त्यांनी डोळ्यांनीच मला जवळ बोलावलं आणि अगदी हळू म्हणाले, "अहो, तो पंखा जरा कमी करा. हिच्या पाठीला लागतोय."

मी पंखा कमी केला. "मॅडम कुठं आहेत?" त्यांनी विचारलं.

मी खिडकीतून बघितलं. खाली आवारात, कडुलिंबाच्या सावलीत, दवाखान्याच्या धुळीनं भरलेल्या पायरीवर अक्का बसल्या होत्या. पुरुषी चपला बाजूला काढून ठेवलेल्या, पाय लांब केलेले, मांडीवर डबा उघडा. साडी खराब होऊ नये म्हणून त्यांनी कदमसाहेबांचा कागद खाली अंथरला होता आणि त्याच्यावर बसून त्या सावकाश जेवत होत्या.

"सही चालू आहे," मी म्हटलं.